मागच्या विंगमधली ३२ घरे: २० टक्के राखीव घरांच्या नियमाचा एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण महाराष्ट्रातल्या १० लाखांहून जास्त वस्तीच्या एका शहरातले, एका खासगी गृहप्रकल्पाचे आहे. शहर, विकासक आणि रहिवासी यांची ओळख पटेल असे तपशील काढले आहेत, आकडे जवळच्या पूर्णांकात घेतले आहेत. नकाशे कागदावर यायच्या आधीपासून ताबा मिळून वर्ष उलटेपर्यंत मी या प्रकल्पात नियोजन सल्लागार होते. मोठ्या भूखंडावर काही घरे कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी राखायच्या नियमामुळे बांधली गेलेली घरे ज्यांच्यासाठी होती त्यांना पुढे परवडतात का, हा प्रश्न नकाशाच्या टेबलावर फारसा कुणी विचारत नाही. या प्रकल्पात तो उशिरा विचारला गेला आणि त्याची किंमत ३२ कुटुंबांनी मोजली.

पार्श्वभूमी

जमीन दोन भाऊ आणि एक बहीण यांच्या सामाईक मालकीची. एकूण ६,८०० चौरस मीटर. पुढच्या बाजूने १८ मीटरचा विकास आराखड्यातला रस्ता, मागून ९ मीटरची गल्ली. रस्ता रुंदीकरणात ६०० चौरस मीटर गेल्यावर निव्वळ भूखंड ६,२०० चौरस मीटरचा उरत होता. विकासक मध्यम आकाराचा. याआधी त्याने लहान भूखंडांवरच इमारती केल्या होत्या, त्यामुळे ४,००० चौरस मीटरची रेषा ओलांडणारा हा त्याचा पहिलाच प्रकल्प.

ही रेषा महत्त्वाची आहे. राज्य सरकारने ८ नोव्हेंबर २०१३ च्या अधिसूचनेने मोठ्या महापालिकांसाठी सर्वसमावेशक गृहनिर्माणाची तरतूद आणली. पुढे ती डिसेंबर २०२० मध्ये लागू झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत, म्हणजे सगळे ज्याला यूडीसीपीआर म्हणतात तिच्यात, कायम राहिली. भूखंड ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठा असेल, तर मूळ एफएसआयच्या (भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येते त्या प्रमाणाच्या) २० टक्के क्षेत्र आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटासाठी ३० ते ५० चौरस मीटरच्या घरांच्या रूपात बांधायचे. लाभार्थी म्हाडाच्या सोडतीतून ठरतात. घराची किंमत रेडी रेकनरमधल्या, म्हणजे सरकारी दरपत्रकातल्या, बांधकाम खर्चाच्या दराशी बांधलेली असते, बाजारभावाशी नाही. २०२२ पासून अशा शहरांत दुर्बल गटासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ६ लाख आणि अल्प उत्पन्न गटासाठी ९ लाख रुपये आहे.

विकासकाला मिळणारा मोबदला असा, की या घरांचे बांधकाम क्षेत्र एफएसआयमध्ये मोजले जात नाही. त्याच्या विक्रीच्या फ्लॅटचा एक चौरस मीटरही कागदावर कमी होत नाही. त्याच वेळी एक चापही लावलेला आहे: राखीव घरांना भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला वापरण्याची परवानगी) मिळाल्याशिवाय उरलेल्या प्रकल्पाला ते मिळत नाही.

आमच्या भूखंडाचा हिशेब सोपा होता. ६,२०० ला मूळ एफएसआय १.१० ने गुणले की ६,८२०, त्याचे २० टक्के म्हणजे १,३६४ चौरस मीटर. त्यात ३२ घरे बसत होती.

अडचण

पहिल्या बैठकीत विकासक म्हणाला, "मॅडम, एफएसआय फुकट आहे हे मान्य. पण जागा कुठे फुकट आहे?" त्याच्या बोलण्यात तथ्य होते. मोजणीत न धरलेले १,३६४ चौरस मीटर जमिनीवर उभे करायचे म्हणजे इमारतीभोवती मोकळी सामासिक अंतरे सोडावी लागतात, जिना लागतो, दुचाक्यांना जागा लागते. मूळ एफएसआयवर प्रीमियम (पैसे भरून मिळणारा जादा एफएसआय) आणि टीडीआर (दुसऱ्या जमिनीवरून विकत आणलेला बांधकाम हक्क) घेऊन त्याला पार्किंगवर १४ मजल्यांचे दोन टॉवर उभारायचे होते, एकूण १६८ फ्लॅट. त्यात ४,००० चौरस मीटरच्या वरच्या भूखंडाला १० टक्के खुली जागा सोडावी लागते ती वेगळी. टॉवर, खुली जागा आणि गाड्या फिरायचे रस्ते आखून झाले की ३२ घरांसाठी मागच्या कोपऱ्यात एक तुकडा उरत होता.

दुसरी अडचण त्याने दबक्या आवाजात सांगितली. आपल्याच आवारात कमी किमतीची घरे आहेत हे कळल्यावर पुढचे फ्लॅट विकले जातील का, ही त्याची खरी काळजी होती. बहुतेक विकासकांच्या मनात हीच भीती असते, आणि नकाशावरच्या अनेक रेषा तिच्यातूनच निघतात.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय होता भूखंड फोडण्याचा. तीन मालक असल्याने महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली वाटप करून घ्यायचे, पुढचा तुकडा ३,७०० आणि मागचा ३,१०० चौरस मीटरचा करायचा, सातबारा वेगळे झाले की दोन स्वतंत्र प्रकल्प दाखल करायचे. दोन्ही तुकडे ४,००० च्या आत. २० टक्के घरेही टळतात आणि १० टक्के खुली जागाही. भावंडांत वाटप होणे नैसर्गिकच, त्यामुळे कागदोपत्री संशयालाही जागा नाही. हा सल्ला देणारे लोक विकासकाला आमच्या आधीच भेटले होते.

त्यावर आम्ही तीन गोष्टी मांडल्या. २०२२ मध्ये नाशिकमधल्या अशा प्रकल्पांवरून विधिमंडळात प्रश्न उपस्थित झाले होते, त्यामुळे लागून असलेल्या जमिनी, एकच विकासक आणि नुकतेच झालेले वाटप अशी फाईल आता सहज पुढे सरकणार नव्हती. दुसरे, वाटप, मोजणी आणि फेरफार होईपर्यंत जाणाऱ्या महिन्यांचे व्याज कुणी धरलेच नव्हते. तिसऱ्या मुद्द्याने मात्र निकाल लावला. प्रीमियम आणि टीडीआर किती घेता येईल हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरते. जमीन फोडल्यावर मागच्या तुकड्याला फक्त ९ मीटरची गल्ली उरली असती आणि १८ मीटरच्या रस्त्यामुळे मिळणारा वाढीव एफएसआय त्या अर्ध्या जमिनीवरून गेला असता. आम्ही दोन्ही हिशेब एकाच कागदावर शेजारी शेजारी लिहून दिले. एकत्र भूखंड, ३२ घरे देऊनही, पुढे होता. विकासकाने तो कागद घडी करून खिशात ठेवला आणि फोडाफोडीचा विषय पुन्हा निघाला नाही.

याची नोंद मी मुद्दाम करते आहे. त्याचे मन नीतीच्या गोष्टींनी वळले नाही, रस्त्याच्या रुंदीने वळले. हीच जमीन दोन्हीकडून सारख्या रुंद रस्त्यांना लागून असती, तर आमच्या हातात दुसरा भक्कम मुद्दा नव्हता. ४,००० ची रेषा इतकी ठळक आहे की ३,९०० चौरस मीटरवाल्यावर काहीच बोजा नाही आणि ४,१०० वाल्यावर पूर्ण. बोजा पायरीपायरीने चढत गेला असता तर फोडण्यातला फायदा आपोआप आटला असता, असे मला वाटते.

ही घरे दुसऱ्या जागी बांधून देता येतील का, अशी चौकशी विकासकाने केली, पण त्याच्याकडे दुसरी जमीनच नव्हती. मग उरले दोन पर्याय: ३२ घरे टॉवरच्या खालच्या मजल्यांवर विखरायची, की मागे स्वतंत्र विंग करायची.

पहिला निर्णय: विखुरलेली घरे की स्वतंत्र विंग

मिश्र वस्तीचा पुरस्कार करणाऱ्या कुणालाही पहिला पर्याय आवडेल. मलाही सुरुवातीला तोच योग्य वाटत होता. मत बदलले ते चालू खर्चाचा अंदाज मांडल्यावर. १४ मजल्यांच्या टॉवरमध्ये प्रत्येक जिन्याला दोन लिफ्ट, अग्निशमनाचे पंप आणि पाइपलाइन, जनरेटर आणि या सगळ्यांचे वार्षिक देखभाल करार आलेच. पहिल्या मजल्यावरच्या ४० चौरस मीटरच्या घरालाही त्यातला वाटा चुकत नाही. पार्किंगवर चार मजल्यांच्या विंगमध्ये हा खर्च कितीतरी कमी. शिवाय ताबा, भोगवटा प्रमाणपत्र आणि सोडतीची कागदपत्रे हे सगळे एका इमारतीपुरते सोपे होते.

स्वतंत्र विंग ठरली. उंची कमी म्हणून लिफ्ट गाळायचा विकासकाचा विचार होता. आम्ही लिफ्टचा आग्रह धरला आणि एक लिफ्ट बसली. ताबा झाल्यावर चौथ्या मजल्यावर डायलिसिसवर असलेले एक गृहस्थ राहायला आले. आठवड्यातून दोनदा त्यांना खाली उतरावे लागते. सोडतीत कुठल्या मजल्यावर कोण येणार हे विकासकाला माहीत नसते, म्हणूनच लिफ्ट ही चैन धरून चालत नाही.

दुसरा निर्णय: भिंत

मंजुरीसाठी जायच्या आधीच्या नकाशात विंग आणि खुली जागा यांच्यामध्ये साडेपाच फुटी भिंत होती आणि विंगचे प्रवेशद्वार मागच्या गल्लीत. विक्री विभागाने ते सुचवले होते. कारण विचारले तर उत्तर आले, "सुरक्षेसाठी."

वेगळी इमारत मला पटली होती, पण वेगळे दार मी मान्य करू शकत नव्हते. न्यू यॉर्कमध्ये २०१४ साली एका उंच इमारतीत परवडणाऱ्या घरांसाठी स्वतंत्र दरवाजा ठेवण्यावरून मोठे वादळ उठले होते, आणि पुढच्याच वर्षी करसवलत घेणाऱ्या इमारतींत असे दरवाजे बंद करण्यात आले. आपल्याकडे इतके लांब जायचीही गरज नाही. १० टक्के खुली जागा संपूर्ण भूखंडासाठी सोडलेली असते. त्या भूखंडावर राहणाऱ्या काही कुटुंबांना भिंतीआड ठेवायचे, तर ती जागा नियमाप्रमाणे सोडली असे म्हणता येत नाही. आम्ही हाच मुद्दा लेखी दिला, आणि नगररचना विभागाच्या छाननीत हरकत आली तर नकाशा परत येईल हेही सांगितले. भिंत गेली. गल्लीतले दार राहिले, पण जादा दार म्हणून. मुख्य गेट सगळ्यांचे झाले.

गेल्या वर्षी संध्याकाळी पाहणीला गेले तेव्हा खुल्या जागेत क्रिकेट चालले होते. कुठला मुलगा टॉवरचा आणि कुठला विंगचा, ते मला ओळखता आले नाही.

तिसरा निर्णय: जो कुणी घेतलाच नाही

प्रकल्पाची गाडी अडली ती इथे. एवढे नकाशे, एवढे हिशेब, पण रहिवाशांची संस्था कुठल्या स्वरूपाची होणार यावर एकही बैठक झाली नाही. विकासकाच्या वकिलाने नेहमीचा मसुदा वापरला आणि तिन्ही इमारतींची मिळून एकच सहकारी गृहनिर्माण संस्था नोंदवली गेली.

सहकारी संस्थेच्या आदर्श उपविधींप्रमाणे सेवा शुल्क सर्व सदनिकांना समान असते. घर ४० चौरस मीटरचे असो वा १०० चे, सुरक्षारक्षक, सफाई, आवारातली वीज, ऑफिस यांचा खर्च भागिले सदस्यसंख्या. सारख्या आकाराच्या घरांच्या सोसायटीत ही पद्धत न्याय्य आहे. इथे १६८ मोठे फ्लॅट होते, त्यांच्या सोयीचे क्लब हाऊस, जिम आणि छोटा जलतरण तलाव होता, आणि भागाकार २०० ने होत होता. पहिल्याच वर्षी महिन्याचे बिल ३,२०० रुपये आले. टॉवरमधल्या कुटुंबाला ते जाणवलेही नसेल. विंगमध्ये ज्यांचा गृहकर्जाचा हप्ता ९ ते १० हजार होता, त्यांच्यासाठी तो हप्त्याचा तिसरा हिस्सा होता. महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायदा, १९७० खाली अपार्टमेंट म्हणून नोंद झाली असती, तर सामाईक खर्च प्रत्येकाच्या अविभक्त हिश्श्याच्या, म्हणजे सामाईक मालमत्तेतल्या वाट्याच्या, प्रमाणात वाटला गेला असता आणि लहान घराला लहान बिल आले असते.

ताबा आणि त्यानंतर

सोडतीत नाव लागल्यावर देकारपत्र, कागदपत्रांची पडताळणी, मग विकासकाशी करारनामा असा क्रम असतो. विंगमधल्या यशस्वी अर्जदारांपैकी काहींनी घर परत केले, कारण बँकेचे कर्ज मिळाले नाही. उत्पन्न मर्यादेत बसणारा माणूस बऱ्याचदा पगाराची चिठ्ठी नसणारा असतो. एका डबेवाल्या ताईंची गोष्ट माझ्या समोरची. रोज साठ-सत्तर डबे जातात, उत्पन्न पक्के, पण नोकरदारांना मिळणारा करकपातीचा दाखला, फॉर्म १६, नाही, विवरणपत्र एकाच वर्षाचे. दोन बँकांनी नकार दिला, शेवटी एका गृहवित्त कंपनीने जास्त व्याजाने कर्ज दिले. किंमत कमी करून जे वाचले त्यातला मोठा भाग व्याजात गेला.

ताब्याच्या दिवशी आणखी एक गोष्ट घडली. विक्री कार्यालयात प्रत्येक कुटुंबाच्या हातात एक छापील चिठ्ठी दिली जात होती: क्लब हाऊस शुल्क, वीज मीटर, दोन वर्षांचा आगाऊ मेंटेनन्स, कायदेशीर खर्च. बेरीज दीड लाखाच्या वर. त्या ताई चिठ्ठी घेऊन बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. "मॅडम, हे कर्जात धरलं होतं का?" एवढेच त्यांनी विचारले. करारनाम्यात यातल्या बऱ्याच रकमांचा उल्लेखच नव्हता. काही जणांनी मिळून म्हाडाकडे लेखी तक्रार दिली, त्यानंतर क्लब हाऊस शुल्क रद्द झाले आणि आगाऊ मेंटेनन्स हप्त्याने घ्यायचे ठरले. पण ज्यांनी आधीच सोने गहाण ठेवून पैसे भरले होते त्यांचे परतावे मिळायला आठ महिने लागले.

वर्षभरात विंगमधल्या ३२ पैकी १९ घरांची थकबाकी साचली. सोसायटीच्या सूचना फलकावर थकबाकीदारांची यादी लागली आणि तिच्यात जवळपास सगळी नावे एकाच इमारतीतली होती. क्रिकेट खेळणाऱ्या मुलांच्या आईवडिलांत बोलणे बंद झाले. भिंत पाडून जे मिळवले होते ते एका बिलाने घालवायला सुरुवात केली होती.

वाद कसा सुटला

टॉवरमधले एक निवृत्त लेखापाल काका सोसायटीचे खजिनदार होते. तोडगा त्यांनी काढला. त्यांनी वर्षाचा खर्च तीन डब्यांत फोडला: ज्याचा लाभ सगळे घेतात, जो फक्त टॉवरचा आहे, आणि जो फक्त विंगचा. लिफ्ट करार, अग्निशमन पंप, जनरेटर आपापल्या इमारतीकडे गेले. क्लब हाऊस, जिम आणि तलाव यांचे वेगळे सदस्यत्व केले, ज्याला हवे त्याने घ्यावे. गेट, आवारातले दिवे, सांडपाणी प्रकल्प आणि खुली जागा एवढेच सामाईक राहिले. विंगचे बिल १,३०० रुपयांवर आले.

सर्वसाधारण सभा साडेतीन तास चालली. विरोध होताच. टॉवरमधल्या एका सदस्याने विचारले, की आम्ही बाजारभावाने घर घेतले, त्यात यांचा खर्च आम्ही का सोसायचा? काकांनी आकडे वाचून दाखवले: आतापर्यंत उलट होत होते, तलावाचा खर्च विंगवाले भरत होते आणि पोहायला त्यांच्यातले कुणी जात नव्हते. ठराव बहुमताने मंजूर झाला. विंगची स्वतंत्र संस्था आणि तिन्ही इमारतींचा वर एक संघ, असा पुढचा टप्पाही तत्त्वतः मान्य झाला आहे. त्याचे कागद अजून उपनिबंधक कार्यालयात आहेत.

परिणाम

आज ३२ पैकी २७ घरांत सोडतीत लागलेली कुटुंबेच राहतात. तीन घरे भाड्याने गेली आहेत, दोन बंद आहेत. जुनी थकबाकी चार घरांची उरली आहे. पुढचे १६८ फ्लॅट ताब्याच्या आधीच विकले गेले होते, म्हणजे विकासकाची जी मूळ भीती होती ती निदान इथे तरी खरी ठरली नाही. त्याच्या पुढच्या प्रकल्पातही राखीव घरे आहेत आणि त्या नकाशात भिंत पहिल्यापासूनच नाही.

काय वेगळे करता आले असते

संस्थेचे स्वरूप नकाशा मंजुरीच्या वेळीच ठरायला हवे होते. विंगची स्वतंत्र संस्था आणि सामाईक सोयींसाठी संघ, किंवा हिश्श्याप्रमाणे खर्च वाटणारी अपार्टमेंट नोंदणी, यांपैकी एक निवडून त्याचा मसुदा महारेराच्या (गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्य प्राधिकरणाच्या) नोंदणीवेळी करारनाम्याच्या नमुन्यासोबतच तयार ठेवता आला असता. ताब्यानंतर २०० सदस्यांची संमती मिळवण्यापेक्षा ते कितीतरी सोपे होते.

विंगच्या महिन्याच्या खर्चाचा अंदाजही सोडतीच्या जाहिरातीतच यायला हवा होता. अर्ज करणारे कुटुंब किंमत आणि हप्ता पाहून ठरवते. बिल आणि ताब्याच्या वेळच्या रकमा त्याला शेवटी कळतात, तेव्हा मागे फिरणे महागात पडते.

कर्जाचे काम सोडतीनंतर सुरू झाले, ते आधी सुरू करता आले असते. प्रतीक्षा यादीसह सगळ्या अर्जदारांसाठी एखाद्या शनिवारी दोन-तीन वित्तसंस्थांना बोलावून, पगाराची चिठ्ठी नसलेल्यांना कुठली कागदपत्रे चालतील हे सांगितले असते, तर घर परत करणाऱ्यांपैकी निदान काही जण थांबले असते. विकासकाच्या पुढच्या प्रकल्पात असा शनिवार ठरला आहे. त्याचा खर्च एका मांडवाचा आणि चहाचा आहे.

सांडपाणी प्रकल्पाच्या खर्चाचा वाद मात्र अजून मिटलेला नाही. टॉवर म्हणतो घरटी वाटा, विंग म्हणते पाण्याच्या मीटरप्रमाणे. मीटर बसवायचा ठराव पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर आहे.